थोर चित्रपटाची कसोटी

एखाद्या चित्रपटाला चांगला म्हणणे सोपे असते. त्याला थोर म्हणताना मात्र आपण एक जबाबदारी पत्करीत असतो. चांगला चित्रपट दोन-अडीच तास आपले मन रमवितो, आणि त्याबद्दल आपण त्याचे ऋणी असतो. थोर चित्रपटाकडून आपली अपेक्षा याहून मोठी असते. ज्यांच्यासाठी तो काढलाच नव्हता अशा, पन्नास वर्षांनंतरच्या प्रेक्षकांपुढेही तो ताठ उभा राहावा, आणि त्या प्रेक्षकांना त्यात आपल्या ओळखीची माणसे भेटावीत, असे आपण मनाशी धरून चाललेले असतो. ही अपेक्षा काही चित्रपट पुरी करतात आणि बहुसंख्य चित्रपट पुरी करीत नाहीत. हा भेद कशामुळे पडतो, याचा थोडा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम रूढ कसोट्या पाहू. पहिली कसोटी पहिलेपणाची. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांपुढे आला, आणि त्या दिवसाचे महत्त्व कोणीही नाकारणार नाही. परंतु पहिलेपण हा इतिहासाचा गुण आहे. त्यावरून कलाकृतीची प्रत ठरत नाही. दुसरी कसोटी तंत्राची. प्रभातच्या ‘संत तुकाराम’ या चित्रपटात शेवटी आकाशात जाणारे गरुडविमान 1936 सालच्या प्रेक्षकाला डोळे विस्फारावयास लावीत असेल. आजच्या शाळकरी मुलाला ते पाहून हसू येते. आणि तरीही तेच मूल उरलेला चित्रपट हसल्यावाचून पाहते. याचा अर्थ, चित्रपटाला तारणारी शक्ती विमानात नव्हती. तिसरी कसोटी पारितोषिकांची. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला 1954 साली राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, आणि मराठी चित्रपटाला असा सर्वोच्च मान पुन्हा मिळण्यासाठी ‘श्वास’पर्यंत, म्हणजे 2004 सालापर्यंत, वाट पाहावी लागली. ही पदके योग्य हाती गेली, असे आमचेही मत आहे. पण पदक निर्णय सांगते, कारण सांगत नाही. आणि आम्हांला हवे आहे ते कारण.

चौथी कसोटी सर्वांत फसवी आहे. ती विषयाच्या थोरवीची. संत, राजे, क्रांतिकारक यांच्यावर चित्रपट काढला की त्यांच्या मोठेपणाचा काही अंश चित्रपटालाही आपोआप चिकटतो, असा समज आपल्याकडे खोल रुजलेला आहे. प्रेक्षक नायकाला आधीच हात जोडून आत शिरतो, आणि त्याच भरात चित्रपटालाही हात जोडून बाहेर पडतो. अशा वेळी नमस्कार नेमका कोणाला केला, हे त्याचे त्यालाही उमगत नाही.

आमच्या मते थोर चित्रपटाची खूण नायकाच्या चित्रणात शोधू नये. ती नायकाच्या समोर उभ्या असलेल्या माणसाच्या चित्रणात शोधावी. जो नायकाला अडवितो, नाकारतो, छळतो किंवा केवळ समजून घेत नाही, त्या माणसाला चित्रपट कसा न्याय देतो, ही ती कसोटी होय. नायकाची बाजू घेण्यास फारशी प्रतिभा लागत नाही. समोरच्याची बाजू पूर्ण बळाने उभी करूनही आपले म्हणणे न गमावणे, हे मात्र मोठ्या कलावंतालाच साधते.

‘संत तुकाराम’चेच उदाहरण घेऊ. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाचा 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. विष्णुपंत पागनीस यांचा तुकाराम आज दंतकथेचा विषय झाला आहे, आणि तो मान रास्तच आहे. परंतु चित्रपट पुन्हा पाहताना आमचे लक्ष वारंवार जाते ते गौरीने साकारलेल्या आवलीकडे. तुकोबांचा संसार तिच्या डोक्यावर आहे. मुले भुकेली आहेत, म्हशीची वैरण तिलाच पाहावयाची आहे, आणि घरधनी देवाचे नाव घेत घरात आलेले धान्य वाटून मोकळा होतो. मूल आजारी पडते तेव्हा ती पायातली वहाण हातात घेऊन पांडुरंगाला जाब विचारण्यास देवळात जाते. एखाद्या सामान्य दिग्दर्शकाने आवलीला कजाग बायको करून प्रेक्षकांना हसविले असते, आणि संताचे तेज वाढविण्यासाठी तिचा काळा पडदा म्हणून उपयोग केला असता. दामले-फत्तेलाल तसे करीत नाहीत. आवलीचा राग भुकेतून येतो, हे ते दाखवितात. त्या रागाच्या तळाशी नवऱ्यावरची माया आहे, हेही दाखवितात. वैकुंठाची वाट एकट्याला मोकळी असते, घर सांभाळणाऱ्या बाईला ती तशी मोकळी नसते, हा आक्षेप संतचरित्रावर घेता येईल. आणि या संतपटाने तो आपल्याच पोटात वागविला आहे. त्यामुळे तुकोबांची विरक्ती स्वस्त होत नाही. तिचे मोल कोणी दिले, हे आपल्याला दिसते.

याच चित्रपटात कसोटीची दुसरी बाजूही पाहावयास मिळते. तुकोबांचे अभंग आपल्या नावावर खपविणारा, त्यांचा मत्सर करणारा सालोमालो हा पहिल्यापासून अखेरपर्यंत ढोंगीच आहे. त्याच्या मत्सराच्या मुळाशी कोणती भीती होती, हे चित्रपट विचारीत नाही. म्हणून तो पडद्यावर येतो तेव्हा आपण हसतो, आणि तो गेला की त्याला विसरतो. आवली मात्र घरी येईपर्यंत आपल्याबरोबर चालत राहते. एकाच कृतीत एका विरोधकाला न्याय मिळाला आणि दुसऱ्याला मिळाला नाही. आणि काळाच्या चाळणीतून कोण टिकले, हे उघड आहे.

1937 सालचा ‘कुंकू’ या दृष्टीने अधिक धीट आहे. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी हा चित्रपट काढला. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लावून दिलेले तरुण मुलीचे लग्न, आणि त्या लग्नाला आतून नकार देणारी नीरा, हा त्याचा विषय. शांता आपटे यांची नीरा तेजस्वी आहे, आणि चित्रपट निःसंशय तिच्या बाजूचा आहे. तरीही केशवराव दाते यांचे काकासाहेब पाहावेत. हा माणूस अपराधी आहे. परंतु तो राक्षस नाही. म्हातारपण मान्य करण्याचे धैर्य नसलेला तो एक सुशिक्षित वकील आहे. भिंतीवरचे जुने घड्याळ आणि त्याचे थकत चाललेले आयुष्य यांची सांगड शांतारामांनी अशी घातली आहे की त्या घड्याळाचा ठोका पडला की आपल्यालाही आपले वय आठवावे. अखेर आपण काय केले हे त्याला उमगते, आणि त्या उमगण्याची किंमत तो आपला जीव देऊन चुकवितो. नीरेचा विजय आपल्याला निखळ आनंद देत नाही. आणि तो देत नाही, म्हणूनच तिच्यावर झालेल्या अन्यायाचे खरे माप आपल्याला कळते. त्या रूढीने एका मुलीचे आयुष्य तर नासलेच, पण तिचा लाभ ज्याने घेतला त्यालाही ती गिळून गेली.

या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही, ही गोष्ट येथे मुद्दाम सांगितली पाहिजे. पडद्यावर ज्याचा उगम दिसतो किंवा त्या जागी जो ऐकू यावा असा आवाज, तेवढाच तेथे ऐकू येतो. पार्श्वसंगीत हे पुष्कळदा प्रेक्षकाच्या कानाशी बसलेल्या वकिलासारखे असते. हा मनुष्य दुष्ट आहे, या बाईची दया करा, आता रडा, असे ते पात्राने तोंड उघडण्याच्या आधीच सांगून टाकते. ते काढून घेतले की प्रत्येक पात्राला आपली कैफियत स्वतःच मांडावी लागते, आणि प्रेक्षकाला ती स्वतःच ऐकावी लागते.

यावरून एक प्रश्न सहज निघतो. प्रतिपक्षाला न्याय देणे हा तर नाटकाचा आणि कादंबरीचाही गुण आहे. मग चित्रपटाच्या बाबतीत तो विशेष का मानावा? याचे उत्तर चित्रपटाच्या साधनांत आहे. नाटक पाहताना आपली नजर मोकळी असते. रंगमंचावर बोलणाऱ्याला सोडून कोपऱ्यात गप्प उभ्या असलेल्या नोकराकडे आपण पाहू शकतो. चित्रपटात आपण काय पाहावे, किती जवळून पाहावे आणि किती वेळ पाहावे, हे दुसऱ्याने ठरविलेले असते. कॅमेरा खाली ठेवून वर रोखला की साधा माणूसही उग्र दिसतो. एखाद्याचा चेहरा कधी जवळून दाखविलाच नाही, तर तो माणूस न राहता गर्दीचा तुकडा होतो. बोलणाऱ्यावरून ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर केव्हा जावयाचे, हे संकलक ठरवितो, आणि ऐकणाऱ्याचा चेहरा ज्याने गाळला त्याने त्याचे उत्तरही गाळले. इतका अधिकार दुसऱ्या कोणत्याही कलेच्या हाती क्वचितच असेल. अधिकार जितका मोठा, तितकी अन्यायाची सोयही मोठी. म्हणून येथे न्यायबुद्धीचे मोलही अधिक.

जगातील ज्या चित्रपटांना सर्वत्र मान मिळाला, त्यांतील काहींकडे या दृष्टीने पाहावे. 1948 साली इटलीत निघालेल्या द सिका यांच्या ‘बायसिकल थीव्ह्ज’ या चित्रपटात एका गरीब मजुराची सायकल चोरीस जाते, आणि त्या सायकलीवरच त्याची नोकरी अवलंबून आहे. तो चोराच्या घरापर्यंत पोहोचतो, तेव्हा त्याला काय दिसते? आपल्याइतकेच दरिद्री घर आणि झटका येऊन पडलेला एक तरुण. पुढे तोच मजूर, लहान मुलाच्या देखत, दुसऱ्याची सायकल चोरू पाहतो. चोर आणि धनी यांच्यामधली भिंत त्या क्षणी पडते. 1955 सालच्या सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’तील सर्वजया म्हाताऱ्या इंदिर ठाकरूणला घराबाहेर काढते, आणि ती म्हातारी बांबूच्या वनात मरून पडते. एवढे होऊनही आपण सर्वजयेचा द्वेष करू शकत नाही. कारण रिकामी होत चाललेली तिची डबी आणि तिची ओढाताण राय यांनी आपल्याला आधीच दाखविलेली असते. दारिद्र्य माणसांना एकमेकांवर कसे घालते, हे व्याख्यानाने जे सांगता आले नसते, ते तेथे एका बंद झालेल्या दाराने सांगितले आहे.

आता आपल्या काळातील उदाहरण. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ 2014 साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला, आणि त्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट भारतीय चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिकही त्याला मिळाले. नारायण कांबळे हा वृद्ध लोकशाहीर; त्याच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली, असा विलक्षण आरोप त्याच्यावर ठेवला जातो. या शाहिरावर अन्याय होत आहे, याविषयी प्रेक्षकाला शंका राहत नाही. अशा चित्रपटात सरकारी वकील बाईला खलनायिका करणे किती सोपे होते! ताम्हाणे तिच्यामागून लोकलच्या डब्यात शिरतात. ती शेजारणीशी घरगुती गप्पा मारते, मुलाला घेऊन घरी येते, स्वयंपाक करते, नवऱ्याच्या आणि मुलांच्या पानात वाढते, आणि सुटीच्या दिवशी घरच्यांबरोबर नाटकाला जाते. गीतांजली कुलकर्णी यांनी ही बाई इतकी खरी केली आहे की ती आपल्या शेजारी राहते असे वाटावे. आणि नेमक्या याच ठिकाणी चित्रपट भयंकर होतो. शाहिराला तुरुंगात खितपत ठेवणारे कोणी दुष्ट नाहीत. आपल्यासारखीच, भाजी निवडणारी, कामाचा कंटाळा येणारी माणसे आहेत. खलनायक दाखविला असता तर आपण त्याला दोष देऊन मोकळे झालो असतो. तशी पळवाट येथे ठेवलेली नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो विचारार्ह आहे. प्रतिपक्षाला समजून घ्या, असे म्हणणे म्हणजे अन्यायाला क्षमा करा असे म्हणणेच नव्हे काय? ज्याने पिढ्यान्‌पिढ्या सोसले, त्यानेच पुन्हा छळणाऱ्याच्या अडचणी समजून घ्याव्यात, हा कुठला न्याय? नागराज मंजुळे यांच्या 2013 सालच्या ‘फँड्री’चा विचार या संदर्भात केलाच पाहिजे. कैकाडी कुटुंबातील जब्या हा शाळकरी मुलगा. गावातील डुकरे धरण्याचे काम त्याच्या घराण्याकडे आलेले. ज्या शाळेत तो शिकतो तिच्याच बाजूला, वर्गसोबत्यांच्या देखत, त्याला डुकरामागे धावावे लागते. डुक्कर हाती लागणार तोच शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात. ते सारे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते, आणि डुक्कर निसटून जाते. ज्या व्यवस्थेने त्यांना डुकरामागे धाडले, तिच्या गीताचा मान तेच सर्वांत निष्ठेने राखतात. शाळा चालविणाऱ्या आमच्यासारख्यांना हे दृश्य सुखाने पाहता येत नाही, आणि येऊही नये.

चित्रपटाच्या अखेरीस जब्या दगड उचलतो आणि तो दगड थेट पडद्याबाहेर, प्रेक्षकाच्या रोखाने येतो. वरवर पाहता येथे प्रतिपक्षाला कसलीच दया दाखविलेली नाही. परंतु थोडा विचार केला तर ध्यानात येईल की येथे प्रतिपक्ष पडद्यावर नाहीच. तो खुर्चीवर बसला आहे. आपणच तो आहोत. मंजुळे यांनी आपल्याला कोणाचे सोंग दिले नाही. आपल्या नेहमीच्या जागी, नेहमीच्या सभ्य वेषात बसू दिले, हसणाऱ्या गावकऱ्यांबरोबर क्षणभर हसू दिले, आणि मग आपला हिशोब आपल्यापुढे ठेवला. न्याय देणे म्हणजे निर्दोष सोडणे नव्हे. न्याय म्हणजे आरोपीला माणूस मानून, त्याचे पुरते ऐकून घेऊन, मगच निकाल देणे. क्षमा हा त्यातून निघणारा एक निकाल आहे, आणि दगड हाही एक निकालच आहे.

हा विचार आम्हांला केवळ रसिकतेपोटी सुचला, असे नाही. आम्ही जेथे राहतो त्या सिल्वासा गावाला चित्रपटाचा एक मोह पडण्याजोगा इतिहास आहे. 1954 च्या जुलैत दादरा आणि 2 ऑगस्ट 1954 रोजी सिल्वासा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाले. त्या मोहिमेसाठी पैसा हवा होता, म्हणून लता मंगेशकर यांनी पुण्यास हिराबागेत गायन केले. आणि ज्यांच्या चालींनी मराठी चित्रपट गाता झाला ते सुधीर फडके स्वतः त्या मोहिमेत सामील झाले होते. संगीत, शौर्य, पावसाळी रात्र, भरून वाहणारी दमणगंगा: पटकथाकाराला आणखी काय हवे? या विषयावर चित्रपट काढणे सोपे आहे, आणि वाईट चित्रपट काढणे त्याहून सोपे आहे.

त्यातून थोर चित्रपट व्हावयाचा असेल तर काही अवघड माणसांना त्यात जागा द्यावी लागेल. दादऱ्याच्या पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात अनिसेतो रोझारियो हा पोर्तुगीज सेवेतील पोलीस अधिकारी ठार झाला. तो ज्या सत्तेसाठी उभा राहिला ती सत्ता जाणे न्याय्यच होते, याबद्दल आमच्या मनात तिळमात्र संदेह नाही. पण तो आपल्या जागेवरून हलला नाही, हेही खरे आहे. त्या माणसाचा चेहरा एकदा तरी जवळून दाखविण्याचे धैर्य दिग्दर्शकाला झाले पाहिजे; त्याने वीरांच्या वीरत्वात उणेपणा येणार नाही, उलट ते वजनदार होईल. ही गावे पोर्तुगीजांच्या हाती गेली ती पुणे दरबाराने 1779 साली केलेल्या तहाच्या ओघात, ही मराठी मनाला न रुचणारी गोष्टही त्यात यावी लागेल. आणि जमीन कसणारा वारली, कोकणा, धोडिया यांचे काय? चित्रांत आणि जाहिरातींत तारप्याभोवती फेर धरणारी एक शोभिवंत रांग म्हणून वारली आपल्याला फार दिसतो. मान वळवून आपल्याकडे पाहणारा, आपले मत असलेला एकटा वारली क्वचित दिसतो. निशाण बदलले त्या सकाळी त्याच्या मनात काय आले, हे विचारल्यावाचून या भूमीचा चित्रपट पुरा होणार नाही. आमच्या वर्गात त्याच घरांतील मुले बसतात. पडद्यावर आपले पूर्वज केवळ पार्श्वभूमी म्हणून नाचताना पाहून ती काय शिकतील, हा प्रश्न आमच्यासाठी समीक्षेपुरता उरत नाही.

या मुक्तीनंतर पोर्तुगालने भारताविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. न्यायालयाने दोन्ही बाजूंच्या कैफियती ऐकल्या, पेशव्यांच्या काळातील कागद तपासले, आणि 12 एप्रिल 1960 रोजी निकाल दिला. पोर्तुगालला पूर्वी नागरी वाहतुकीचा हक्क होता असे त्याने मान्य केले. सैन्य आणि शस्त्रे नेण्याचा हक्क मात्र नाकारला, आणि भारताने आपले कर्तव्य मोडले नाही असा निर्वाळा दिला. दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकून घेतल्याने आपल्या बाजूचे काही बिघडले नाही. पुढे 11 ऑगस्ट 1961 रोजी हा प्रदेश रीतसर भारतात विलीन झाला. न्यायासनाला जे जमले ते कलावंताला जमू नये, असे मानण्याचे कारण नाही.

वाचकांना आमची सूचना एवढीच आहे. यापुढे एखादा चित्रपट आवडला, तर घरी परतताना नायकाला क्षणभर बाजूला ठेवावे, आणि त्याच्या समोर जो उभा होता त्याला आठवावे. त्याला नाव होते काय? त्याचे घर दिसले काय? त्याने जे केले ते का केले, हे दोन वाक्यांत आपल्याला सांगता येते काय? उत्तर ‘नाही’ असे आले, तर चित्रपट मनोरंजक असेल, शुद्ध हेतूचाही असेल, पण त्याला थोर म्हणण्याची घाई करू नये. उत्तर ‘होय’ असे आले, तर तो पुन्हा पाहावा, आणि घरातील मुलांना बरोबर न्यावे. समोरच्याचे म्हणणे पुरते ऐकून मग आपले मत ठरविण्याची सवय मुलांना लागावी, यासाठी शाळा आपल्या परीने झटत असतातच. त्या कामी असा एखादा चित्रपट भेटला, तर शिक्षकाला तो आपला सहकारीच वाटेल.